नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती आणि वेळ नेमका किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिमूर्तीनगरातील एक निवृत्त दांपत्य ऑक्टोबरच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेल येथे मुलाकडे जाणार असून जानेवारीत परतणार आहे. इंटरनेटवर पाहिले असता नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे 13,100 किलोमीटर आणि विमानाचा वेळ साडेचौदा तास असा दिसतो. तिकिटांची चौकशी केली की तोच प्रवास चोवीस तासांपासून चौतीस तासांपर्यंत कितीही सांगितला जातो. त्यातच एका तिकिटावर रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी पोहोचल्याचे दिसते आणि परतीच्या तिकिटावर मात्र दीड दिवस खर्ची पडल्यासारखा वाटतो. यातले खरे कोणते, आणि जावे कोणत्या मार्गाने?

नागपुरात परदेश प्रवासाची तिकिटे काढून देणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्याने हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो. सरळ उत्तर आधी देतो. 13,100 किलोमीटर हा आकडा बरोबर आहे, परंतु त्या मार्गाने कोणतेही प्रवासी विमान जात नाही. साडेचौदा तास हा आकडा केवळ भागाकाराने काढलेला आहे. नागपूरच्या घरातून निघून सनीव्हेलच्या घरात पाऊल टाकेपर्यंत आपण साधारण तीस तास धरावेत. हे तीस तास कशाचे बनतात हे एकदा समजले, की तिकिटांची तुलना करणे फारसे अवघड राहत नाही.

अंतर मोजण्याची पद्धत आधी पाहू. पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे कळत नाही. माझ्या कार्यालयात पृथ्वीचा एक गोल ठेवलेला आहे. नागपूरवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर नेऊन दोरा ताणला, की तो पूर्वेला पॅसिफिककडेही जात नाही आणि पश्चिमेला युरोपकडेही जात नाही. तो जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो आणि नेपाळ, तिबेट, चीनचा शिनजियांग प्रांत, मंगोलियाचे पश्चिम टोक असे करीत सैबेरियात शिरतो. पुढे 72 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, आर्क्टिकच्या बर्फाळ समुद्रावर तो सर्वांत वर पोहोचतो आणि तेथून अलास्कातील फेअरबँक्स शहराच्या जवळून उतरत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने कॅलिफोर्नियात येतो. ग्राहकांना प्रथम हे खोटेच वाटते, कारण अमेरिका म्हणजे पश्चिमेला हे शाळेपासून डोक्यात पक्के बसलेले असते. एकदा दोरा स्वतःच्या हाताने ताणला, की शंका उरत नाही.

या आकड्यात वेगवेगळ्या ठिकाणी वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नये. काही जण पृथ्वी पूर्ण गोल धरतात, तर काही जण ती ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याचे हिशेबात घेतात. शिवाय कोणी शहराच्या मध्यापासून मोजतो, तर कोणी सोनेगावच्या विमानतळापासून. पृथ्वीचा हा आकार मोजण्याच्या कामाशी आपल्या भागाचा जुना संबंध आहे, म्हणून एवढे विषयांतर करतो. 1802 मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्बटन हे नागपूरकडे येत असताना 1823 मध्ये हिंगणघाट येथे वारले आणि त्यांची कबर तेथेच आहे. दक्षिणेपासून मध्य भारतापर्यंत त्यांनी त्रिकोणाला त्रिकोण जोडत जो कंस, म्हणजे वर्तुळाचा तुकडा, मोजत आणला, तो याच प्रश्नासाठी होता, की या गोलावर एका अंशाचे अंतर नेमके किती भरते.

अंतर एकच आणि वेळ वेगवेगळा, असे का होते हे समजण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे, समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटरचा आहे आणि रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 837 किलोमीटरवर येते. विमान दीड तासात पोहोचवते. तरीही मध्य मुंबईत सकाळी काम असलेला मनुष्य रात्रीची दुरांतो पसंत करतो, कारण त्याला किलोमीटरशी कर्तव्य नसून घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या तासांशी आणि झोपेशी कर्तव्य असते. अमेरिकेचा प्रवासही याच नजरेने पाहावा.

आता साडेचौदा तासांच्या आकड्याकडे येऊ. लांब पल्ल्याची विमाने स्थिर हवेत ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने जातात. 13,100 ला 900 ने भागले की साडेचौदा तास येतात. या हिशेबात वारा नाही, वळसा नाही, धावपट्टीपर्यंतची रांग नाही, आणि मुख्य म्हणजे नागपूरहून अमेरिकेला थेट विमानच नाही ही गोष्टही नाही. देशाच्या मध्यावर असूनही नागपूरला ते का नाही, हा प्रश्न आपल्याकडे अभिमानाने आणि थोड्या रागानेही विचारला जातो. त्याचे उत्तर असे आहे, की विमान कंपनी नकाशाचा मध्य पाहत नाही, ती दररोज तीनशेच्या आसपास आसने भरतील इतके प्रवासी एका ठिकाणी मिळतात का, एवढेच पाहते. मध्यवर्ती असण्याचा फायदा नागपूरने एका काळी खरोखर घेतलेला आहे. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. आज हेच काम दिल्ली, दोहा, फ्रँकफर्ट ही विमानतळे प्रवाशांच्या बाबतीत करतात आणि आपण त्यांतल्या एका टोकाचे प्रवासी आहोत.

समजा, उद्या कोणी नागपूरहून थेट विमान सुरू केले, तरी ते दोऱ्याच्या मार्गाने जाणार नाही. पहिला अडथळा तिबेटच्या पठाराचा आहे. या पठाराची सरासरी उंची 4,500 मीटरपेक्षा अधिक आहे. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे 3,000 मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल तर उतरणार कोठे? म्हणून विमाने शक्यतो या पठाराला वळसा घालतात. दुसरा अडथळा उत्तरेकडच्या ओसाडपणाचा आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत जवळ ठेवावा लागतो, आणि सैबेरियाच्या उत्तरेला असे विमानतळ फार थोडे आहेत. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. इंधनाचाही प्रश्न असतो. विमानाचे नेहमीचे इंधन उणे 47 अंश सेल्सिअसला गोठू लागते, आणि ध्रुवाकडील हवा हिवाळ्यात याहूनही थंड असू शकते, म्हणून वैमानिकाला इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवून गरज पडल्यास उंची किंवा वेग बदलावा लागतो.

हे सारे असूनही उत्तरेकडचे मार्ग वापरले जातात. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू ही पहिली थेट सेवा सुरू केली, तेव्हा कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील, सर्व वैमानिक स्त्रिया असलेल्या चमूने ते विमान उत्तर ध्रुवावरून आणले होते. त्या दोन शहरांमधील सरळ अंतर जवळपास 14,000 किलोमीटर आहे आणि तो प्रवास सतरा तासांहून अधिक चालला.

तिसरा अडथळा डोंगराचा किंवा बर्फाचा नाही, तर राज्यकर्त्यांचा आहे. 2022 पासून युरोपीय आणि अमेरिकी विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना मात्र येते. एप्रिल 2025 च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतानेही तसेच केले. परिणामी दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागू लागला आणि काही अमेरिकी मार्गांवर मध्येच इंधनासाठी उतरावे लागले. त्याच वर्षी 23 जून रोजी कतारची हवाई हद्द काही तासांसाठी बंद झाली, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्या प्रवाशांचे वेळापत्रक कोलमडले. म्हणजे दोन शहरांमधले अंतर कायम राहते आणि तरीही प्रवासाचा वेळ एका रात्रीत दोन तासांनी बदलू शकतो. म्हणून एखाद्या नातेवाइकाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला वेळ आज प्रमाण मानू नये आणि तिकीट काढण्याच्या दिवशी वेळापत्रकात काय लिहिले आहे तेच पाहावे.

आता वाऱ्याविषयी. सर्वांत कमी समजला जाणारा आणि मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान प्रवाह वाहतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत 900 असला तरी मागून असा वारा मिळाला तर जमिनीच्या तुलनेत ते हजाराच्या पुढे जाते, आणि समोरून मिळाला तर सातशेवरही येऊ शकते. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याच गणितावर आपला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्ग उलटा केला. त्याआधी विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे आणि ते अंतर सुमारे 13,900 किलोमीटर भरत असे. नवीन मार्ग पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडणारा होता आणि तो सुमारे 15,300 किलोमीटरचा, म्हणजे 1,400 किलोमीटरने अधिक लांब होता. तरीही ते विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीच्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास वाचले. 15,300 ला साडेचौदाने भागून पाहा, ताशी 1,055 किलोमीटर येतात. एवढा वेग इंजिनाचा नव्हता, त्यात वाऱ्याचा मोठा वाटा होता. जवळचा रस्ता लवकर पोहोचवतोच असे नाही, हे मी ग्राहकांना सांगतो तेव्हा हेच उदाहरण देतो.

येथे एक गैरसमजही दूर करतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचते, असे अनेक सुशिक्षित लोकही सांगतात. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच उडते, त्यामुळे असा कोणताही फायदा मिळत नाही. जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक वाऱ्यामुळे आणि निवडलेल्या मार्गामुळे पडतो.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे 12,380 किलोमीटर आहे आणि थेट विमानाचा वेळ ऋतू व मार्ग पाहून साधारण 15 ते 17 तास असतो. वेळापत्रकात लिहिलेला हा वेळ विमान गेटपासून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, केवळ हवेतला नसतो. म्हणूनच वैमानिक घोषणा करतो तेव्हा तिकिटापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी सांगतो आणि प्रवाशांना विमान वेळेआधी पोहोचणार असे वाटून जाते.

आता घड्याळाचा हिशेब, कारण प्रश्नातला खरा गोंधळ येथेच आहे. तिकिटावर निघण्याची वेळ त्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची लिहिलेली असते. भारत आणि कॅलिफोर्निया यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपण ऑक्टोबरच्या अखेरीस जाणार, म्हणजे जाताना फरक साडेबारा तासांचा राहील, आणि जानेवारीत परताल तेव्हा साडेतेरा तासांचा असेल.

एक नमुना घेऊ. वेळा समजण्यासाठी धरलेल्या आहेत, प्रत्यक्ष वेळापत्रक वेगळे असेल. रविवारी रात्री 8:30 ला नागपूरहून निघालात, 10:15 ला दिल्लीत उतरलात, सोमवारी पहाटे 4:00 वाजता पुढचे विमान सुटले आणि त्याने सोळा तास घेतले. ते गेटला लागेल तेव्हा भारतात सोमवारचे रात्रीचे 8:00 वाजलेले असतील. त्यातून साडेबारा तास वजा करा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारची सकाळ, 7:30. कागदावर पाहिले तर रविवारी रात्री 8:30 ते सोमवारी सकाळी 7:30, म्हणजे अकरा तासच दिसतात. त्यात साडेबारा मिळवले की खरे साडेतेवीस तास येतात. परतीला उलट करायचे. समजा जानेवारीत सोमवारी सकाळी 10:00 वाजता तेथून निघालात आणि मंगळवारी रात्री 10:15 ला नागपुरात उतरलात. कागदावर सव्वाछत्तीस तास दिसतात. त्यातून साडेतेरा वजा केले की पावणेतेवीस तास उरतात. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे, एवढेच लक्षात ठेवले तर कोणतेही तिकीट वाचता येते. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक किंवा अधिक दोन असा बारीक आकडा असतो. तो तासांचा नसून तारखेचा असतो, म्हणजे निघाल्यानंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोहोचाल असा त्याचा अर्थ आहे. मुलाला विमानतळावर बोलावताना हाच आकडा न पाहिल्यामुळे तो एक दिवस आधी येऊन उभा राहिल्याची उदाहरणे आमच्या धंद्यात नवी नाहीत.

या साडेतेवीस तासांत आपण दोन्ही टोके मिळवा. विमान सुटण्याच्या दोन तास आधी सोनेगावला पोहोचायचे तर घरून साडेपाचला निघावे. सॅन फ्रान्सिस्कोत इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत दोन तास जाऊ शकतात, त्यानंतर महामार्ग क्रमांक 101 ने सनीव्हेलपर्यंत सुमारे 45 किलोमीटर, सकाळच्या गर्दीत एक तास. म्हणजे मुलाच्या घरी तेथील 10:30 वाजता, भारतातील रात्री 11:00 वाजता. साडेपाच ते दुसऱ्या दिवशीचे अकरा, म्हणजे साडेएकोणतीस तास. सुरुवातीला मी तीस तास सांगितले ते यामुळे.

आता मार्ग कोणता घ्यावा. दिल्लीमार्गे गेल्यास नागपूर–दिल्ली सुमारे 855 आणि पुढे 12,380, असे मिळून सरळ अंतर 13,235 किलोमीटर भरते. दोऱ्याच्या मार्गापेक्षा हे केवळ सव्वाशे किलोमीटरने अधिक आहे, कारण दिल्ली जवळजवळ त्या वाटेवरच आहे. दोहामार्गे गेल्यास नागपूर–दोहा सुमारे 2,800 आणि दोहा–सॅन फ्रान्सिस्को सुमारे 13,000, असे मिळून 15,800 किलोमीटर होतात. कागदावर हा अडीच हजारांहून अधिक किलोमीटरचा फेरा आहे. मात्र नागपूर–दोहा विमान ज्या दिवशी असेल त्या दिवशी एक मोठी सोय होते. इमिग्रेशन सोनेगावलाच, मोजक्या गर्दीत होते, दिल्लीत टर्मिनल बदलण्याची कटकट राहत नाही आणि सामान थेट सॅन फ्रान्सिस्कोला निघते. वयस्कर प्रवाशांसाठी मी या सोयीला किलोमीटरपेक्षा अधिक किंमत देतो. फ्रँकफर्टसारख्या युरोपीय शहरामार्गे जाण्यात प्रवासाचे दोन मोठे, जवळपास सारखे तुकडे पडतात. सोळा तास सलग बसणे ज्यांना गुडघ्यामुळे किंवा पाठीमुळे जमत नाही त्यांना हे मानवते, पण नागपूरहून आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागत असल्याने दोनदा विमान बदलावे लागते आणि बदल वाढला की चुकामुकीची शक्यताही वाढते.

दिल्लीमार्गे जाणार असाल तर तीन गोष्टी तिकीट काढण्याआधीच पाहाव्यात. पहिली म्हणजे संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असावा. नागपूर–दिल्लीचे स्वस्त तिकीट वेगळे आणि अमेरिकेचे वेगळे असे काढले आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढची कंपनी आपली जबाबदारी घेत नाही, तिकीट बुडते आणि सामानही दिल्लीत स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी लाखाच्या तिकिटाशी असा खेळ करू नये, हे माझे ठाम मत आहे. दुसरी गोष्ट टर्मिनलची. देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरत असेल आणि आंतरराष्ट्रीय विमान टर्मिनल तीनवरून सुटत असेल, तर बाहेर पडून काही किलोमीटर रस्त्याने जावे लागते. तिसरी गोष्ट थांब्याच्या लांबीची. कंपन्या दोन-अडीच तासांचे थांबेही विकतात आणि नियमाप्रमाणे ते चालतात, परंतु आपल्या वयाच्या प्रवाशांना मी चार ते सहा तासांचा थांबा सुचवतो. व्हीलचेअर मागितलेली असेल तर ती येण्यात, इमिग्रेशनमध्ये आणि सुरक्षा तपासणीत वेळ जातो, आणि धावपळीत औषधे किंवा पासपोर्ट विसरण्यापेक्षा दोन तास खुर्चीत बसलेले बरे.

सोनेगावला चेक-इन करताना सामानाला लावलेल्या पट्टीकडे स्वतः पाहावे. त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचे तीन अक्षरी नाव छापलेले असते. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ते एसएफओ असावे. तेथे डीईएल दिसले तर सामान दिल्लीतच उतरणार आहे. त्याच वेळी काउंटरवर विचारून घ्यावे, पुढे दिल्लीत शोधाशोध करण्यात अर्थ नसतो. मुलगा स्वस्त पडते म्हणून अमेरिकेत आणखी एक विमान बदलायला सांगत असेल, तर एवढे माहीत असू द्या, की अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरता तेथेच इमिग्रेशन होते आणि सामानही सहसा तेथेच घेऊन, कस्टममधून नेऊन, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. सनीव्हेलसाठी सॅन फ्रान्सिस्कोला थेट उतरणेच सोपे.

औषधांविषयी एकच सूचना. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळ पाहून घेण्याची सवय असते आणि प्रवासात घड्याळच बदलते. मनगटावरचे घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे आणि इन्सुलिन घेत असाल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून त्या दोन दिवसांचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे. गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, चेक-इनच्या बॅगेत नसाव्यात.

परतीचा प्रवास जानेवारीत आहे, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक सांगतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीत दाट धुके पडते आणि त्याचा जोर मध्यरात्रीनंतर ते सकाळी दहापर्यंत असतो. मोठी आंतरराष्ट्रीय विमाने कमी दृश्यमानतेतही उतरू शकतात, परंतु सकाळची देशांतर्गत विमाने एकामागून एक रखडतात आणि अमेरिकेहून पहाटे उतरलेला प्रवासी नागपूरच्या विमानासाठी दुपारपर्यंत बसून राहतो. म्हणून दिल्लीत दुपारी किंवा संध्याकाळी उतरणारे विमान पाहावे, किंवा जानेवारीपुरता मुंबईमार्गे अथवा दोहामार्गे परतीचा विचार करावा. दिल्लीमार्गे आलात तर इमिग्रेशन दिल्लीतच होते आणि बहुतेक वेळा सामानही तेथेच घेऊन, कस्टम ओलांडून, नागपूरच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. या कामाला दीड-दोन तास सहज लागतात, त्यामुळे परतीचा दिल्लीतला थांबा चार तासांपेक्षा कमी घेऊ नये. दिल्लीहून नागपूरला येणारे त्या रात्रीचे शेवटचे विमान आपल्या तिकिटात नसेल असेही पाहावे, म्हणजे एखादे चुकलेच तर त्याच रात्री दुसरे मिळण्याची शक्यता राहते.